ब्रिटिश काळात इराणच्या आखातातल्या तारघरांना (टेलिग्राफच्या ठाण्यांना) रसद कुठून यायची? जकात आड यायची का?

थोडक्यात: रसद समुद्रातून, मुंबई-कराचीच्या बाजूने यायची. जकातीचा त्रास जागेप्रमाणे वेगळा.

१८६४ मध्ये मकरान किनाऱ्यावरच्या ग्वादरहून मुसंदम (ओमानचं टोक), इराणचं बुशेहर बंदर आणि इराकच्या दक्षिण टोकाच्या फावपर्यंत टेलिग्राफची समुद्री तार टाकली. मुसंदमचं ठाणं म्हणजे खाडीतला एक उघडाबोडका खडक. तिथे जकात घेणारं कोणी नव्हतं, पण घेण्यासारखंही काही नव्हतं! धान्य, भाजी सगळं बाहेरून. वर तो उकाडा. काही वर्षांतच ते ठाणं सोडून तार इराणच्या किनाऱ्यावरच्या जास्कला वळवली. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन या जहाज कंपनीच्या आगबोटी टपाल घेऊन आखातात जात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या ठाण्यांचं बरंच भागायचं.

इराणच्या किनाऱ्यावर १८४१ च्या करारानुसार ब्रिटिश मालावर ५ टक्के जकात होती. ती फार जड नव्हती. खरा फरक १९०३ च्या नव्या दरांनी पडला. तोवर इराणची जकात बेल्जियन अधिकाऱ्यांच्या हाती गेली होती आणि हिंदुस्थानातून जाणाऱ्या चहावरचा कर चांगलाच वाढला. तारबाबूंच्या चहाची किंमत त्यातून सुटली असेल असं मला तरी वाटत नाही.

बंदुकांचं प्रकरण निराळं. मस्कतहून मकरानकडे त्यांची चोरटी वाहतूक जोरात होती. १८९७ मध्ये तारखात्याच्या एका अधिकाऱ्याचा खून झाल्यावर जास्क आणि चाबहारला हिंदी शिपाई ठेवले. म्हणजे रसद पुरवायला तेवढी तोंडं आणखी वाढली.