मशीन लावलंय, मग मुलांत का मिसळत नाही?

"घरात सगळं नीट ऐकतो, अभ्यासही चांगला आहे. पण मैदानावर गेला की कोपरा धरतो. मुलं म्हणतात, हा भाव खातो. मॅडम, हा मुळातच एकलकोंडा आहे का?" नऊ वर्षांच्या मुलाच्या आईचा प्रश्न. श्रवणयंत्र लावलेल्या मुलांचे पालक थोड्याफार फरकाने हेच विचारतात.

मुलाला दोन्ही कानांत मध्यम श्रवणदोष. माझ्याशी एकटा बोलताना गडी असा खुलला की अंतराळयानांवरून थांबेचना. मग आईबाबांना आत बोलावलं. बाबा काही बोलले की हा तिकडे वळेपर्यंत आई उत्तर देऊन मोकळी व्हायची. आम्ही हसलो की तोही हसायचा, पण जरा उशिरा, आमचे चेहरे बघून. "बाबा काय म्हणाले?" विचारल्यावर मान डोलावून म्हणाला, "हो."

हा 'हो' पालकांनी ओळखायला हवा.

मशीन आवाज मोठा करतं, पण गोंगाटातून नेमकं हवं ते बोलणं वेगळं काढणं त्याला पुरतं जमत नाही. त्यात मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने घटतो. मैदानावर मुलं लांबून ओरडतात, पाठमोरी बोलतात आणि नियम तर खेळता खेळताच बदलतात. "आता दोन टप्पे चालतील" हे ज्याच्या कानावर पडलं नाही, तो भांडखोर ठरतो. मागून मारलेल्या हाकेला ओ दिली नाही, की भाव खातो. शिवाय दिवसभर कान आणि डोळे ताणून ऐकलेलं मूल शाळा सुटल्यावर दमलेलं असतं. त्याला शांत बसावंसं वाटलं तर नवल नाही.

"'काय?' विचारलं की म्हणतात, काही नाही, सोड. मग मी विचारतच नाही," तो म्हणाला. माझ्या मते चिडवण्यापेक्षा हे 'सोड' जास्त लागतं. आणि ते घरातली मोठी माणसंही सर्रास म्हणतात.

आधी त्यांना ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडे पाठवलं. कान वाढला होता, मशीनचा कानात बसणारा साचा सैल झाला होता, त्यामुळे मशीन शिट्टी मारायचं. मुलं हसतील म्हणून पठ्ठ्या मैदानावर ते बंदच ठेवायचा. घरी पत्ता नव्हता! नवा साचा आला. मग आम्ही विचारण्याचा सराव केला. नुसतं "काय?" म्हटलं तर समोरच्याला सगळं परत सांगावं लागतं. "टप्पे कळलं, किती?" असं विचारलं की एका शब्दात उत्तर मिळतं. "मागून हाक मारू नकोस, समोर ये," हे वाक्य त्याने स्वतःच ठरवलं. बाईंनी गटकामासाठी त्याच्या गटाला वर्गातला शांत कोपरा दिला आणि रिमोट माइक, म्हणजे आवाज थेट मशीनपर्यंत पोचवणारा छोटा माइक, बोलणाऱ्या मुलाच्या हातात द्यायची पद्धत पाडली.

आईचा विचार होता, सगळ्या वर्गाला घरी बोलवावं. मी म्हटलं, एकालाच बोलवा, आणि टीव्ही बंद ठेवा. यानांचं वेड असलेला एक मुलगा वर्गात निघाला. आता दोघांचं तासन्तास चालतं. दहाजणांच्या घोळक्यात मात्र तो आजही फार वेळ थांबत नाही. आईला त्याची रुखरुख आहे, मला नाही.