मुलांचा बँड फ्रान्सला न्यायचाय? आधी बोलावण्याचं पत्र नीट वाचा

मॅडम, शाळेच्या बँडबद्दल तुम्ही लिहिलेलं सगळं वाचलं. २६ मुलं, तुम्ही धरून चार मोठी माणसं, फ्रान्समधल्या लोककला महोत्सवाचं जुलैचं बोलावणं, ट्रॅव्हलवाल्याने काढलेला माणशी पावणेदोन लाखांचा आकडा, म्हणजे एकूण साडेबावन्न लाख, आणि निम्मे पालक शेतमजूर, मग एवढा पैसा उभा कसा करायचा हा तुमचा प्रश्न. मी ३१ वर्षं संगीत शिक्षक होतो, दोनदा मुलांना घेऊन बाहेर जाऊन आलोय, त्यामुळे जरा लांबलचक लिहितोय.

पैशाचं थोडं बाजूला ठेवा आणि ते पत्र काढा. राहणं, जेवण, तिथली बस कोण करणार हे त्यात लिहिलंय का? सिऑफ म्हणून लोककला महोत्सवांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९७० मध्ये फ्रान्समध्येच सुरू झालेली, त्यांच्या महोत्सवांत साधारण रीत अशी की पथकाने आपापलं विमानाचं तिकीट काढून यायचं आणि तिथे पोचल्यापासून जेवणखाण, झोपायची सोय, फिरवणं सगळं यजमान बघतात. तुमच्या पत्रात उलट सहभाग फी आणि अमुकच हॉटेलचं पॅकेज घ्यायची अट असेल तर तुम्हाला सहल विकली जातेय, सरळ नाही म्हणा आणि दुसरा महोत्सव शोधा. लेझीम आणि ढोल असलेल्या पथकाला तिथे मागणी असते, कारण त्यांना वाद्यं प्रत्यक्ष वाजवणारी माणसं हवी असतात. पॅकेज गेलं की आकडा खूप खाली येतो, परदेशी टूर पॅकेजवर आगाऊ घेतला जाणारा कर, टीसीएस, तोही वाचतो (तो रिटर्न भरल्यावर परत मिळतो, पण ऐन गरजेला पैसे अडकतात). तिकिटं एअरलाइनच्या ग्रुप बुकिंगला विचारा, साधारण दहाच्या वर माणसं असली की वेगळा दर देतात आणि नावं नंतर दिली तरी बऱ्याचदा चालतं.

व्हिसाचं बहुतेकांना माहीतच नसतं. शेंगेनची (फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) फी १२ वर्षांपासून पुढे ९० युरो आहे, पण शाळेची मुलं आणि सोबतचे शिक्षक शैक्षणिक कारणाने जात असतील तर ती माफ असते, आणि ना-नफा संस्थेने भरवलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमाला ना-नफा संस्थेतर्फे जाणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्यांनाही माफ असते. शाळेच्या लेटरहेडवर यादी आणि आयोजकांचं पत्र, दोन्हीत हे स्वच्छ लिहून घ्या. व्हिसा सेंटरचा सर्व्हिस चार्ज मात्र भरावाच लागतो.

आता मागायचं कुणाकडे. कंपन्यांकडे सीएसआर (नफ्यातून समाजकामाला द्यायचा पैसा) म्हणून विमानखर्च मागू नका, भारताबाहेरच्या कामाचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, सवलत आहे ती फक्त राज्याकडून किंवा देशाकडून खेळणाऱ्या खेळाडूंच्या ट्रेनिंगला. मी हे न कळता चार महिने एमआयडीसीत फाइल घेऊन फिरलो. त्याच कंपनीकडे वाद्यं, गणवेश, शिकवणाऱ्याचं मानधन मागा, ते बसतं, आणि तिकिटांसाठी त्यांच्या जाहिरात खात्याकडे वेगळं जा, मुलांच्या टी-शर्टवर नाव टाकतो म्हणा.

अमेरिकेतला माजी विद्यार्थी पाठवतो म्हणाला तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर अडचण नाही, तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला घेता येत नाही. आणि कृपा करून स्वतःचा जीपेचा क्यूआर ग्रुपवर टाकू नका. पैसा शाळेच्या संस्थेच्या खात्यावर, पावती पुस्तकावरच येऊ दे. वेगळी समिती केलीत तर धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, ४१ क ची परवानगी घ्या, गणपती मंडळं घेतात तीच. संस्थेला ८०जी (देणगीदाराला आयकरात सूट मिळवून देणारी नोंदणी) असेल तर देणगीदाराला सांगा, फक्त २००० च्या वर रोख दिलं तर त्याला सूट मिळत नाही, आणि नव्या कररचनेत असेल तर तशीही नाही.

सगळ्यात जास्त मला दिलं ते दहावीच्या जुन्या बॅचनी. 'मदत करा' म्हटलं की सगळे हात जोडलेला इमोजी टाकतात, पण 'तुमच्या बॅचने एक तिकीट उचला' म्हटलं की दोन दिवसांत गोळा होतं, आणि शेजारच्या बॅचला ते कळलं की तीही उचलते. लग्नाच्या सुपाऱ्या मात्र घेऊ नका, रात्री बारापर्यंत मुलं रस्त्यावर उभी राहतात, ते मला पटत नाही.

आता जे खरं सांगायचंय ते. पहिल्या वेळी मी पालकसभेत उभं राहून माणशी आकडा सांगितला. आमच्याकडे एक साइड ड्रमवाला होता, सातवीतला, त्याचा रोल (दोन्ही काठ्यांचा सलग नाद) म्हणजे पत्र्यावर पाऊस पडावा तसा एकसारखा. सोमवारी तो सरावाला आला नाही. त्याची धाकटी बहीण आली, वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेल्या त्याच्या काठ्या तिने माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, दादाचं पोट दुखतंय. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तर वडील म्हणाले, सर, त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी न्या. पोरगं आत भिंतीकडे तोंड करून बसलेलं. काठ्या मी परत त्याच्या हातात दिल्या आणि दुसऱ्या दिवशी हेडसरांना सांगितलं की माणशी आकडा रद्द, सगळ्यांचा मिळून एकच गल्ला. प्रत्येक घरातून बंद पाकीट, नाव न लिहिता, जमेल तेवढं, अगदी रिकामंही चालेल, दोन शिक्षकांनी मोजायचं आणि फक्त बेरीज फळ्यावर लिहायची. तो आला, आणि तिथे सगळ्यात पुढे तोच वाजवत होता. तुम्ही अजून सभा घेतली नसेल तर आकडा सांगूच नका, घेतली असेल तर या आठवड्यात घरोघरी जा, कोण सरावाला यायचं बंद झालंय ते बघा.

मोठे ढोल तिथे मिळतील का ते आयोजकांना विचारा, न्यायचेच असतील तर बॅगेज टाकायच्या आधी ताण सैल करा. निघताना विमानतळावर कस्टमकडून वाद्यांचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर येताना आपल्याच वाद्यांवर ड्युटी मागतात. पासपोर्टचे अर्ज मात्र आजच सुरू करा, लहानांची फी १००० रुपये आहे आणि आईवडिलांची कागदपत्रं जुळवण्यातच वेळ जातो, व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो म्हणजे जानेवारीत हातात पासपोर्ट हवेत. पत्रातला मजकूर नाव-पत्ता झाकून इथे टाका, मी वाचून कुठे काय बदलून मागायचं ते सांगतो.