‘मी घेतला’ सांगणाऱ्याने ‘मी विकला’ही सांगावे

प्रश्न : आम्ही एका बँकेतले निवृत्त सहकारी. लॉकडाउनच्या काळात शेअर बाजारावर बोलायला टेलिग्रामवर गट काढला. ओळखीने ओळख वाढत आता चारशेवर लोक झाले आहेत. मी आणि आणखी दोघे ॲडमिन आहोत. दोन महिन्यांपूर्वी एका सदस्याने एका छोट्या कंपनीबद्दल ‘मी घेतलाय, तुम्हीही घ्या, दुप्पट होणार’ असे लिहिले. बऱ्याच जणांनी घेतला, भाव चढला आणि त्याने आपला माल गुपचूप काढला. हे त्याने नंतर स्वतःच एकाला सांगितले. मग रोज लोअर सर्किट, म्हणजे भाव दिवसाच्या खालच्या मर्यादेला अडकलेला आणि घेणारा कोणी नाही. आमच्या एका जुन्या सहकाऱ्याचे साडेतीन लाख अडकले असून तो ॲडमिनविरुद्धही पोलिसांत जाणार म्हणतो. इकडे काही सदस्य म्हणतात, महिना दोनशे रुपये वर्गणी घेऊन, नियम करून गट शिस्तीत चालवू. माझ्यावर जबाबदारी येते का? नियम कोणते करावेत?

उत्तर : आधी एक काम आजच करा. टेलिग्रामवर लिहिणाऱ्याला आपला संदेश सर्वांच्याच फोनवरून पुसता येतो. तो पुसला जाण्याआधी संगणकावरून गटाचा सगळा इतिहास उतरवून घ्या. उद्या तो न्यायालयात दाखवायचा झाला, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागेल आणि ज्याच्या संगणकावर तो उतरवला त्याची सही त्यावर लागेल. म्हणून हे काम एकानेच, एकाच संगणकावर करावे. तुमच्या बाजूचा अवघड संदेश असला तरी तो काढू नका. पुरावा पुसणाऱ्याकडे तपास अधिकारी वेगळ्याच नजरेने पाहतो.

आता तुमची जबाबदारी. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितले आहे, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत दिसत नसेल तर, केवळ ॲडमिन म्हणून कोणाला गुन्हेगार धरता येत नाही. ते प्रकरण व्हॉट्सॲपवरच्या अश्लील शेरेबाजीचे होते, बाजाराचे नव्हते. तरी त्यातले तत्त्व तुमच्या उपयोगाचे आहे. पण त्या आधाराला मर्यादा आहे. तो संदेश तुमच्यापैकी कोणी वर पिन केला का? ‘याचे कॉल बरोबर येतात’ अशी पावती दिली का? आणि तिघा ॲडमिनपैकी कोणी तोच शेअर आधी घेऊन चढ्या भावात विकला का? पत्रात तुम्ही हे लिहिलेले नाही, पण मला विचारावेच लागते. यातल्या एकाचेही उत्तर ‘हो’ असेल तर पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

त्या सदस्याचे कृत्य मात्र मला गंभीर वाटते. आधी स्वतः घ्यायचे, मग लोकांना घ्यायला लावायचे आणि त्यांच्याच खरेदीत आपला माल रिकामा करायचा, याला सेबीचे, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचे, फसव्या व अनुचित व्यवहारांना मनाई करणारे २००३ चे विनियम लागू होतात. त्यांतली फसवणुकीची व्याख्या रुंद आहे, आणि दिशाभूल करणारी माहिती डिजिटल माध्यमातून जाणूनबुजून पसरवणे त्या विनियमांत स्पष्ट शब्दांत आले आहे. सेबी कायद्याच्या कलम १५एचए नुसार दंड किमान पाच लाख, कमाल पंचवीस कोटी किंवा मिळवलेल्या नफ्याच्या तिप्पट, यांतले जे जास्त असेल ते. जानेवारी २०२२ मध्ये सेबीने एका टेलिग्राम चॅनेलशी संबंधित सहा जणांना बाजारबंदी केली, तो प्रकार बराचसा असाच होता. अर्थात नुकसान झाले म्हणजे फसवणूक झालीच असे नाही. प्रामाणिकपणे चुकलेला माणूसही असतो. इथे निर्णायक आहे ती वेळ : त्याने कधी घेतले, कधी लिहिले, कधी विकले. ती त्याच्या ब्रोकरकडे आणि एक्स्चेंजकडे मिनिटासकट नोंदलेली आहे. तुम्हाला ती मिळणार नाही, सेबीला मिळेल.

वर्गणीच्या प्रस्तावाला माझे उत्तर ठाम ‘नाही’ आहे. संशोधन विश्लेषकांसाठी सेबीचे २०१४ चे विनियम आहेत. डिसेंबर २०२४ मधल्या दुरुस्तीनंतर खरेदी-विक्रीची शिफारस, टार्गेट (अपेक्षित भाव), स्टॉपलॉस (तोटा रोखायला विकायचा भाव), ट्रेडिंग कॉल हे सगळे त्यांत मोडते, आणि मोबदला म्हणजे कुठलाही आर्थिक लाभ, रोख नसलेलासुद्धा. दोनशे रुपये लहान रक्कम आहे म्हणून ती सुटत नाही. तिला ‘देणगी’ किंवा ‘चहापाणी’ म्हटल्यानेही सुटत नाही. डीमॅट खाते उघडायला लिंक देऊन ब्रोकरकडून कमिशन घेणे हाही लाभच. ‘आम्ही सेबी-नोंदणीकृत नाही, हे फक्त शिक्षणासाठी’ ही ओळ वर लिहिली की झाले, असा समज मी रोज पाहतो. ‘बाप ऑफ चार्ट’ या समाजमाध्यमांवरच्या चॅनेलच्या प्रकरणात शिक्षणाच्याच नावाखाली कॉल विकल्याचे सेबीला प्रथमदर्शनी दिसले, आणि ऑक्टोबर २०२३ च्या अंतरिम आदेशाने तिने १७.२ कोटी रुपये जमा करायला सांगितले. कोणाला खरोखर पैसे घेऊन सल्ला द्यायचा असेल तर त्याने रीतसर नोंदणी करावी. पदवी, एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची परीक्षा आणि दीडशे ग्राहकांपर्यंत एक लाखाची ठेव, एवढ्यावर तो मार्ग आता बराच सोपा झाला आहे.

गट विनामूल्य ठेवा आणि नियम असे करा. मोजकेच, पण पाळता येतील असे.

सर्वांत महत्त्वाचा नियम विक्रीचा. ज्याने एखादा शेअर घेतल्याचे सांगितले त्याने तो विकला, अगदी थोडासा विकला, तरी त्याच दिवशी सांगायचे. पत्नीच्या, मुलाच्या किंवा एचयूएफच्या (हिंदू अविभक्त कुटुंबाच्या) खात्यातला असेल तरी. हा एक नियम असता, तर तुमच्या सहकाऱ्याला निदान वेळेवर कळले असते. बोलणे नेहमी भूतकाळात ठेवा : ‘मी अमुक तारखेला, अमुक भावाला घेतला, कारण हे.’ ‘घ्या’, ‘पकडून ठेवा’, टार्गेट, स्टॉपलॉस यांना मनाई. केलेले सौदे गटात साडेतीननंतर, बाजार बंद झाल्यावरच टाकायचे. हे कायदा सांगत नाही, मी सांगतो. चालू बाजारात चारशे जणांपुढे टाकलेला सौदा छोट्या शेअरचा भाव हलवू शकतो आणि फायदा आधी घेतलेल्याचा होतो. रोजची उलाढाल जेमतेम असलेले किंवा एक्स्चेंजने विशेष देखरेखीखाली ठेवलेले शेअर या गटात नकोतच. नफ्याचा स्क्रीनशॉट सहज बनवता येतो, त्यामुळे आकडा दाखवायचाच तर पॅन आणि ग्राहक क्रमांक झाकून काँट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली सौद्याची लेखी नोंद) दाखवावी आणि तोट्याचे सौदेही तितक्याच उघडपणे मांडावेत.

तुमच्या गटाला एक खास धोका आहे. तुमचे कितीतरी जुने सहकारी अजून नोकरीत असतील. अमक्या कंपनीचे खाते थकतेय, तमक्याला मोठे कर्ज मंजूर झाले, बँकेचे तिमाही निकाल चांगले आहेत, अशा गोष्टी जाहीर होण्याआधी गटात आल्या तर इनसायडर ट्रेडिंगचे, म्हणजे आतल्या माहितीवर सौदे करण्याला मनाई करणारे, २०१५ चे विनियम लागू होऊ शकतात. सांगणाऱ्यालाही आणि त्यावर सौदा करणाऱ्यालाही. व्हॉट्सॲपवर कंपन्यांचे निकाल आधीच फिरल्याच्या २०१७ च्या प्रकरणात सेबीने लावलेले दंड अपील न्यायाधिकरणाने २०२१ मध्ये रद्द केले आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, हे खरे. पण ती सुटका पुराव्याअभावी होती आणि तिला वर्षे लागली. बँकेतून आलेल्या माहितीचा माग काढणे त्याहून सोपे असते. अशी ‘आतली खबर’ आली तर ती पुढे पाठवू नका, तिच्यावर सौदा करू नका, आणि टाकणाऱ्याला त्याच दिवशी गटाबाहेर काढा.

कोणी कोणाचे डीमॅटचे लॉगिन, पासवर्ड किंवा ओटीपी घेऊन सौदे करायचे नाहीत आणि पैसे एकत्र करून गुंतवायचे नाहीत. त्यात पोर्टफोलिओ व्यवस्थापन आणि सामूहिक गुंतवणूक योजनेचे वेगळे, जड कायदे येतात. नियम गटात टाकून प्रत्येकाची लेखी संमती घ्या. जो देणार नाही तो बाहेर. ॲडमिननी आपले शेअर आधी जाहीर करावेत.

राहिला तुमचा सहकारी. त्याला टाळू नका, भेटा. भरपाई म्हणून स्वतःच्या खिशातून काही देऊ नका आणि ‘आमची चूक झाली’ असे लिहूनही देऊ नका, कारण ती पुढे कबुली म्हणून वाचली जाऊ शकते. त्याच्या काँट्रॅक्ट नोटा, उतरवलेल्या इतिहासातले त्या सदस्याचे संदेश तारीख-वेळेसह, आणि विकल्याचे त्याने ज्याला सांगितले त्याचे लेखी निवेदन, एवढे एकत्र करून तक्रारीचा मसुदा दोघांनी मिळून लिहा. सेबीचे स्कोअर्स हे तक्रार पोर्टल प्रामुख्याने सूचिबद्ध कंपन्या आणि नोंदणीकृत मध्यस्थांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. म्हणून ही तक्रार बाजारातल्या गैरप्रकाराची माहिती म्हणून थेट सेबीला लेखी द्या आणि पोच घ्या. पोलिसांत जायचे असेल तर भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली, त्या सदस्याविरुद्ध. सहकाऱ्याला हेही स्पष्ट सांगा, की सेबीने नफा वसूल केला तरी त्याचे साडेतीन लाख परत मिळतीलच याची हमी नाही. आणि तो शेअर अजून हातात असेल, तर तक्रारीच्या निकालाची वाट पाहत तो धरून ठेवू नये. विकायचा की नाही, हे नोंदणीकृत सल्लागाराला विचारून आताच ठरवावे.