थर्गुड मार्शल यांचे महत्त्व ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती होते एवढ्यापुरतेच आहे का?

नाही, माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे कार्य न्यायमूर्ती होण्याआधीच, वकील म्हणून झाले. १९०८ मध्ये बाल्टिमोर येथे जन्मलेल्या मार्शल यांनी हॉवर्ड विद्यापीठात चार्ल्स ह्यूस्टन यांच्या मार्गदर्शनाखाली कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९३३ मध्ये ते वर्गात पहिले आले. पुढे सुमारे पाव शतक त्यांनी दक्षिणेकडील राज्यांत, अनेकदा जिवावर उदार होऊन, कृष्णवर्णीय आरोपींचे, मतदारांचे आणि विद्यार्थ्यांचे खटले चालवले. सर्वोच्च न्यायालयात त्यांनी ३२ खटल्यांत युक्तिवाद केला आणि त्यांपैकी २९ जिंकले. १९५४ चा ‘ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा त्यांतील सर्वांत परिणामकारक, कारण सरकारी शाळांमध्ये वंशानुसार मुलांना वेगळे ठेवणे हेच मुळात विषमता आहे, हे न्यायालयाने त्यात एकमताने मान्य केले. हा विजय अचानक मिळालेला नव्हता. आधी विधी महाविद्यालये व पदव्युत्तर शिक्षण यांतील भेदभावाला आव्हान देत त्यांनी पायरीपायरीने त्याची भूमी तयार केली होती, आणि त्यांची ही चिकाटी मला विशेष वंदनीय वाटते.

१९६१ मध्ये ते संघीय अपील न्यायालयात न्यायाधीश झाले, १९६५ मध्ये सॉलिसिटर जनरल (सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे वकील), आणि १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयात नेमले. तेथे त्यांनी मृत्युदंडाला सातत्याने विरोध केला. न्यायालय उजवीकडे झुकत गेल्यावर त्यांची भिन्नमत निकालपत्रे वाढत गेली. १९९१ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.