गोव्यात ऑपरेशन बिघडलं तर डॉक्टरवर केस करता येते का?

म्हापशाच्या खाजगी हॉस्पिटलात आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन बिघडलं असं तुम्ही लिहिलंय, वाचून खरंच वाईट वाटलं. केस करता येते, पण भांडायच्या आधी कागद हातात घ्या. आजच लेखी अर्ज देऊन पूर्ण केस पेपर मागा, ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र, नर्सचे चार्ट, सगळं, नुसत्या डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका, नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावं लागतं आणि अर्जाच्या कॉपीवर पोच घ्यायला विसरू नका.

मग दुसऱ्या सर्जनला दाखवा. गुंतागुंत झाली म्हणजे निष्काळजीपणा झालाच असं कोर्ट मानत नाही, त्यामुळे तज्ज्ञाचं लेखी मत असेल तर बाजू खूप भक्कम होते.

भरपाई हवी तर उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोग, मुदत साधारण २ वर्षं, ती मात्र चुकवू नका!! डॉक्टरवर शिस्तीची कारवाई हवी तर गोवा मेडिकल कौन्सिल, तिथे पैसे मिळत नाहीत पण रजिस्ट्रेशन निलंबित होऊ शकतं. पोलीस केस मला तरी पहिला मार्ग वाटत नाही, सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर त्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. आणि जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार मिळतात अशा सरकारी हॉस्पिटलातलं प्रकरण असेल तर ग्राहक आयोग चालत नाही, दिवाणी कोर्टात जावं लागतं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, म्हणून तक्रार आईच्याच नावाने करा.