रुग्णाशी बोलण्याचे गुण कशाला?

प्रश्न : माझी मुलगी येथील एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रात्यक्षिक परीक्षेत रुग्णाशी बोलण्याच्या भागात तिला कमी गुण पडले. ती मुळातच अबोल आहे. स्वभावाला असे गुण देणे न्याय्य आहे का?
– एक पालक, रामबाग, इंदूर

उत्तर : स्वभावाला गुण दिले असतील, तर तो अन्यायच होय. मात्र या परीक्षेत कृती जोखणे अपेक्षित असते. २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद यांचा ‘एटकॉम’ हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात आला. संवाद तपासण्यासाठी वापरली जाणारी ‘ऑस्की’ ही पद्धत १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी मांडली. तीत विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि सर्वांपुढे तोच प्रसंग असतो व परीक्षकाकडे गुण द्यायच्या मुद्द्यांची तीच यादी असते.

अबोल विद्यार्थिनीचे यात नुकसान व्हावे असे काही नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाचे पहिले निवेदन सरासरी १८ सेकंदांतच तोडल्याचे आढळले होते; जिला थांबून ऐकता येते, तिचे पारडे येथे जडच असते. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. माळव्यातील एखादी बाई ‘जी घबराता है’ म्हणते, तेव्हा मराठी घरातील मुलीला त्यात भीती ऐकू येते, पण बाईंना मळमळ किंवा छातीतील धडधडही सांगायची असू शकते. ‘म्हणजे नेमके काय होते?’ हे तिने विचारले की नाही, याची नोंद परीक्षक निःसंदिग्धपणे करू शकतो. तसेच ‘समजले ना?’ यावर कोणीही मान डोलावतो. ‘घरी गेल्यावर ही गोळी कशी घ्याल, ते मला सांगा’ असे विचारणे हे खरे कौशल्य आहे.

नुसत्या यादीवर भिस्त ठेवली, तर विद्यार्थी सहानुभूतीची वाक्ये पाठ करून येतात, हे मी खेदाने नमूद करतो. म्हणून अनुभवी परीक्षकाचे एकंदर मतही यादीबरोबर धरावे लागते, आणि एका प्रसंगावरून, एकाच परीक्षकाच्या शब्दावरून कोणाला कमी लेखू नये. गुण कोणत्या मुद्द्यावर गेले, हे तिने शिक्षकांना अवश्य विचारावे. ते सांगणे शिक्षकांचे कर्तव्य आहे.

घरात आजी असल्यास तिच्या औषधांची हकीकत मुलीने मध्ये न बोलता ऐकावी, मग ती आपल्या शब्दांत आजीलाच परत सांगावी आणि काही राहिले का, ते तिला विचारावे.