देवराईत पहिल्यांदा जाताना

देवराईत, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या जंगलात, झाडं लावायची म्हणतोस, तर यावेळी रोपं घरीच ठेव आणि नुसता जाऊन ये. गुरवाला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय आत शिरू नकोस. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला म्हणून सह्याद्रीतल्या या राया टिकल्या. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तो जरूर वाच.

आत गेलास की उकिडवा बस आणि पाचोळा अलगद बाजूला कर. वरची पानं कुरकुरीत, खालची ओली, एकमेकांना चिकटलेली, त्यांत बुरशीचे पांढरे धागे, आणि तळाशी चहाच्या चोथ्यासारखी काळी माती. पाऊस इथेच जिरतो, म्हणून कित्येक रायांच्या पायथ्याशी झरा असतो. हाच पाचोळा कचरा समजून जाळणारे लोक मी पाहिलेत. जीव तुटतो.

वठलेलं, पोकळ झाड दिसलं तर तोडायला सुचवू नकोस. धनेश पक्ष्याची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते, आणि नर बारीकशा फटीतून तिला फळं भरवतो.

राईतल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली तर भांडू नकोस. देव गावकऱ्यांचा, राई त्यांनीच राखलेली. फरशीपायी किती झाडं जातील, एवढंच शांतपणे विचार.

रोपं लावायचीच, तर राईबाहेरच्या उजाड पट्ट्यात, राईतल्याच झाडांच्या बियांची. बिया मात्र गावाला विचारूनच उचल.